माळ्यावरचे उंदीर दर पावसाळ्यात परत का येतात, आणि ती वाट बंद कशी करायची

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की मला फोन यायला लागतात. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: माळ्यावर रात्रभर खुडबुड चालते, पिंजरा लावून झाला, चार धरले, पंधरा दिवस शांत गेले आणि आता पुन्हा सुरू.

आमचं घर दापोली तालुक्यात आहे. कौलारू, मातीच्या भिंती, माजघरावर तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत), तिच्यावर माळा, आणि परसात अकरा माड. गेल्या बारा वर्षांत हे काम मी आमच्या घरी तीन वेळा केलं, मामाकडे दोनदा केलं, आणि वाडीतल्या आठ-दहा घरांत हाताखाली माणसं घेऊन केलं. पहिली तीन वर्षं मीही फक्त उंदीरच धरत होतो. आवाज थांबला की सापळे धुऊन ठेवून द्यायचो. भातकापणी झाली की माळ्यावर नवीन बिऱ्हाड. उंदीर धरणं हे निम्मंच काम आहे, आणि तेही सोपं निम्मं. वळचण उघडी असेपर्यंत माळा रिकामा राहत नाही. आधीच्यांच्या मुताचा वास वाशांना लागलेला असतो, नव्यांना तोच रस्ता दाखवतो.

लक्षणं आधी नीट बघा

माळ्यावर येतो तो काळा उंदीर. शास्त्रीय नाव रॅटस रॅटस. नाव काळा असलं तरी आपल्याकडे बहुतेक तपकिरीच दिसतो. अंगाने सडपातळ, कान मोठे, आणि शेपूट डोकं-धड मिळून होतं त्याहून लांब. ही शेपूट त्याला तोल सांभाळायला लागते, म्हणून तो केबलवरून, वाशावरून, माडावरून सहज चालतो. घूस वेगळी. ती जोत्याशी माती उकरते आणि तिचा बंदोबस्त खालीच करावा लागतो.

खुणा अशा: दिवे मालवल्यावर अर्ध्या तासात वर पळापळ सुरू होते, पहाटे पुन्हा एकदा. लेंड्या साधारण अर्धा इंच लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या. ताज्या असतील तर काळ्या, मऊ आणि चकचकीत, जुन्या झाल्या की राखाडी आणि कोरड्या. वाशांवर नेहमीच्या वाटेला अंगाच्या तेलकटपणाने काळा पट्टा उमटतो, बोट लावलं तर तुपकट लागतो. कोवळे नारळ देठाजवळ भोक पडून खाली येतात. माळ्याच्या कोपऱ्यात काथ्या, गोधडीचा कापूस, कागदाचे बारीक तुकडे यांचं घरटं सापडतं. मामाच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेमागे मला असंच घरटं सापडलं होतं. त्यात मामीच्या लग्नातल्या शालूच्या जरीचे धागे काथ्यात विणल्यासारखे बसले होते. ट्रंकेचा कोपरा गंजून करंगळीएवढं भोक पडलं होतं आणि शालूची एक घडी तिथे टेकली होती. मामी तो तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ माळ्याच्या शिडीवरच बसून होत्या.

आता, वर आवाज आहे म्हणजे उंदीरच असं धरून चालू नका. लेंडी बोटाने दाबली आणि तिचा भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांची चमक दिसली, तर ती वटवाघळं आहेत. पावलं जड असतील, मांजर धपकन उडी मारावं तशी, आणि विष्ठेत फळांच्या बिया दिसत असतील, तर उदमांजर आहे. दिवसाढवळ्या धावपळ असेल तर बहुधा खार. यांपैकी कुठल्याही प्राण्याला उंदराचा सापळा लावायचा नाही. उदमांजर असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

पहिली पायरी, तपासणी: संध्याकाळी अंगणात बसा

याला एक पैसा लागत नाही आणि याच्याइतकं कशातूनच कळत नाही. दिवेलागणीनंतर अंगणातले दिवे बंद करून अर्धा तास शांत बसा, घराच्या प्रत्येक बाजूला एक संध्याकाळ. नजर वळचणीवर ठेवा. आमच्या घरी मी पहिल्यांदा असा बसलो तेव्हा साडेसातच्या सुमारास माडाच्या झावळीवरून एक उंदीर खाली सरकला, झावळीचं टोक कौलावर टेकलं होतं तिथून कौलावर आला, वळचणीने दहा-बारा पावलं चालला आणि तिसऱ्या वाशापाशी आत गेला. पाच मिनिटांत दुसरा, अगदी त्याच वाटेने. तीन वर्षं मी माळ्यावर पिंजरे हलवत होतो आणि खरा दरवाजा बाहेरून दिसत होता.

दुसरी युक्ती रांगोळीची. माळ्यावर, वाशांच्या टेकाशी आणि भिंतीच्या कडेला रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी पावलं दिसतील: पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मधे शेपटीची रेघ. जिथे पावलं दाट, तिथे सापळा. जिथे काहीच नाही, तिथे सापळा लावून उपयोग नाही. तिसरी, संशय असलेल्या भोकात कागदाचा बोळा हलकेच बसवून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडलेला दिसला तर ते भोक वापरातलं आहे.

या खुणा एका वहीत घराचा आराखडा काढून लिहून ठेवा. पुढचं सगळं काम त्यावरच चालतं.

दुसरी: खाणं आणि पाणी

उंदीर माळ्यावर राहतो, पण जेवायला बहुतेक खाली उतरतो. तांदूळ गोणीत असेल तर पत्र्याच्या पिंपात घाला. प्लास्टिकचा डबा तो कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि त्याला ते झिजवावेच लागतात. माळ्यावर सुके नारळ, सुपाऱ्या, कुळथाची गोणी, बियाण्याचं भात असं काय काय असतं, ते उतरवा. गुरांची पेंड आणि कोंबड्यांचं खाद्य रात्री झाकायचं. देवापुढचा नैवेद्य, तुळशीपाशी ठेवलेले तांदूळ, पडवीतलं घंगाळ, मोरीतली भरलेली बादली, यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

एवढ्याने उंदीर जात नाहीत. पण हे केलं नाही तर सापळ्यातल्या खोबऱ्याकडे तो ढुंकूनही बघणार नाही, वर अख्खा नारळ असताना कशाला बघेल?

तिसरी: पूल तोडा

काळा उंदीर आडवी चार फुटांची उडी सहज मारतो. म्हणून कौलांपासून पाच-सहा फुटांच्या आत एकही झावळी, फांदी किंवा वेल नको. जाई-जुईचा मांडव वळचणीला बांधलेला असतो, तो सोडवा. भिंतीला टेकवलेली लाकडं, शिडी, झावळ्यांचा भारा हलवा.

माडाला पत्रा बांधायचा. साधा जीआय पत्रा, साधारण ४० सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून दोन मीटर उंचीवर खोडाभोवती घट्ट गुंडाळून खिळवायचा. गुळगुळीत पत्र्यावर नखं रुतत नाहीत. दोन माडांचे शेंडे एकमेकांत अडकले असतील तर दोन्हींना पत्रा हवा, नाहीतर तो एकावरून चढून दुसऱ्यावर जातो. मी एकदा घराजवळच्या चारच माडांना पत्रा केला आणि पाचवा सोडला, तर अख्खी ये-जा त्या पाचव्यावरून सुरू झाली. नारळही वाचतात, हा आणखी फायदा. पाडेकऱ्याला आधी सांगून ठेवा, त्याला चढताना पत्रा आडवा येतो.

खांबावरून घरात येणारी विजेची तार हाही पूल असतो. तिला हात लावायचा नाही. ती जिथे भिंतीत शिरते तिथलं भोक बंद करण्याचं काम वायरमनकडूनच, लाईन बंद करून.

चौथी: सापळे, पण सबुरीने

इथे बहुतेकांचं चुकतं. उंदराला नव्या वस्तूची भीती वाटते. काल नव्हती ती वस्तू आज वाटेत दिसली की तो चार-सहा दिवस तिला वळसा घालतो. पहिल्याच रात्री ताणलेला सापळा लावला आणि तो उंदराला चाटून सुटला, तर तो उंदीर पुन्हा सापळ्याच्या जवळ येत नाही.

म्हणून आठ-दहा चापाचे लाकडी सापळे आणा आणि चार-पाच दिवस ते न ताणता नुसतं खाणं ठेवून वाटेवर मांडा. खाणं रोज जायला लागलं की एका रात्री सगळे एकदम ताणा. एक सापळा महिनाभर लावण्यापेक्षा दहा सापळे तीन रात्री लावलेले बरे, कारण बाकीच्यांना शहाणं व्हायला वेळ मिळत नाही.

आमिष म्हणून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा उत्तम. काही घरांत सुका बोंबील जास्त चालतो. तुकडा दोऱ्याने बांधा, म्हणजे ओढावाच लागतो. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. वाशावर किंवा भालावर (आडव्या तुळईवर) ठेवायचा असेल तर तारेने बांधा, नाहीतर जखमी उंदीर सापळ्यासकट तक्तपोशीच्या आत पडतो. मांजर आणि लहान मुलं पोचतील अशा जागी सापळा नको. रोज सकाळी बघायचा, हातमोजे घालून.

पिंजराही चालतो. पण धरलेला उंदीर शेताच्या बांधावर नेऊन सोडला तर तो परत येतो किंवा शेजाऱ्याच्या माळ्यावर जातो. चिकट गोंदाचे पुठ्ठे वापरू नका. त्यात उंदीर कित्येक तास कातडी सोलवटत जिवंत राहतो, पाली, पाखरं आणि सापाची पिल्लंही अडकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही ते वापरू नयेत असं कळवलेलं आहे. कानाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या विजेच्या यंत्रावर मी पैसे घातले होते. आठवडाभर फरक पडल्यासारखं वाटलं, मग उंदीर त्या यंत्राच्या शेजारून जायला लागले. डांबराच्या गोळ्या हवेशीर माळ्यावर काहीच करत नाहीत.

विषाबद्दल

शेजारच्या काकूंकडे काम सुरू होतं तेव्हा त्या रोज म्हणायच्या, "अरे, एवढा व्याप कशाला? पुडी आणून टाक, मोकळा हो."

मी त्यांना म्हटलं, "काकू, मेलेला उंदीर तक्तपोशी आणि कौलांच्या सांदीत पडला, तर पंधरा दिवस माजघरात जेवता येणार नाही. आणि मोती त्याला बाहेर काढून खाईल."

मोती म्हणजे त्यांचा कुत्रा. काकूंनी पुडीचा विषय पुन्हा काढला नाही.

घराच्या आत मी विष वापरत नाही आणि कुणाला वापरू देत नाही. झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की त्यापासून फॉस्फीन वायू तयार होतो, त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने यकृत निकामी होतं आणि तिच्यावरही उतारा नाही. ती बिस्किटाला किंवा पोळीला लावून ठेवतात, आणि ते बिस्कीट पोराच्या हाताला लागतं. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणं थांबतं. उंदीर काही दिवसांनी मरतो, पण तोवर तो सुस्तावलेला फिरत असतो आणि गव्हाणी घुबड, मांजर, धामण असे त्याला खाणारे जीवही मरतात. रात्रीत कितीतरी उंदीर टिपणारं घुबड मारून आपण काय मिळवलं? कुणाच्या पोटात यातलं काही गेल्याचा नुसता संशय जरी आला, तरी वाट न बघता दवाखान्यात जा आणि वेष्टन बरोबर न्या. पहिला दिवस माणूस बरा दिसला तरी त्यावर विसंबू नका.

पाचवी: वळचण बंद करणं

सगळ्यात कष्टाचं काम हे, आणि कायमचा उपायही हाच. पावसाळ्याआधी कौलं परतायची असतात तेव्हाच धरा. माणसं वर असतात, कौलं हलवलेली असतात.

कौलारू घरात चार जागा बघायच्या. भिंतीच्या माथ्यावर दोन वाशांच्या मधली मोकळी जागा, ही सगळ्यात मोठी. वळचणीच्या शेवटच्या ओळीतल्या कौलांखालच्या पोकळ्या. आढ्यावरचे कोने (आढं झाकणारी कौलं), जिथला चुना-सिमेंट सुटलेला असतो. आणि मागे पडवीचं छप्पर मुख्य भिंतीला मिळतं तो सांधा. याशिवाय फुटलेली, सरकलेली कौलं. अर्ध्या इंचाच्या भोकातून उंदराचं पिल्लू आत येतं, म्हणून "एवढ्यातून काय येणार" असं म्हणून काही सोडायचं नाही. माझं माप म्हणजे पेन्सिल. ती ज्या भोकात जाते ते भोक बंद करायचं.

पाव इंची भोकांची वेल्डेड जाळी आणा. वाशांच्या मधल्या जागेत ती मापाने कापून, वाकवून, स्क्रू आणि वॉशरने पक्की करा. खिळ्यांवर भागवू नका, उंदीर सैल कड ओढून वाकवतो. तिथे सरळ विटा लावून गिलावा का करायचा नाही, असं मला नेहमी विचारतात. कोकणातल्या दमट हवेत माळ्याचा वारा बंद केला तर वासे कुजतात आणि वाळवी धरते. आपल्या जुन्या लोकांनी ती जागा वाऱ्यासाठीच उघडी ठेवली होती. जाळीने वारा राहतो आणि उंदीर अडतो. कौलांखालच्या पोकळ्यांत आणि भिंतीतल्या भोकांत जाळीचा बोळा कोंबून वर सिमेंट-वाळू, तिच्यात फुटक्या काचेचे बारीक तुकडे. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी कोंबलीत तर आमच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून गळते. स्टीलची असेल तर चालेल.

क्रम महत्त्वाचा. सापळ्यांना सवय लावायचे जे चार-पाच दिवस असतात, त्यात बारीकसारीक भोकं बंद करा, मुख्य वाट उघडी ठेवा. मग सापळे ताणा. सलग सात रात्री सापळे रिकामे आणि रांगोळी कोरी राहिली की मुख्य वाट बंद. त्यानंतरही आठवडाभर आत सापळे राहू द्या. सगळं आधीच बुजवलं तर आत कोंडलेले उंदीर तक्तपोशी कुरतडून घरात उतरतात आणि पिल्लं तिथेच मरून कुजतात. मादीला पिल्लं व्हायला जेमतेम तीन आठवडे लागतात आणि एका वेळी पाच ते आठ होतात, म्हणून अर्धवट सोडून गावाला जाऊ नका.

शहरातल्या बंगल्यात हाच उंदीर पीओपीच्या छताच्या वर असतो. तिथे एसीच्या पाइपची भोकं, गच्चीवरून येणाऱ्या केबली आणि सांडपाण्याच्या पाइपभोवतीची फट या जागा बघा. बाकी सगळं तसंच.

साफसफाई कोरडी करायची नाही

माळा झाडू नका. वाळलेल्या लेंड्या-मुताची धूळ नाकात जाते. एक भाग द्रव ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारून पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग फडक्याने पुसून घ्या. रबरी हातमोजे, एन-९५ मास्क आणि खिडक्या उघड्या. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलायचा नाही, आधी त्याच्यावर फवारा आणि मग दुहेरी पिशवी.

हे सांगतो त्याला कारण आहे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती, आणि कोकणात भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांना तो दरवर्षी गाठतो. ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना "घरात उंदीर आहेत, माळा साफ केला होता" हे आपण होऊन सांगा. कावीळ दिसेपर्यंत थांबू नका.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

माळ्यावर वायरीचं आवरण कुरतडून तांबं उघडं पडलेलं दिसलं, जळका वास आला किंवा एमसीबी वारंवार पडू लागला, तर तिथेच थांबा. मेन स्विच बंद करा, खाली उतरा, परवानाधारक वायरमन आणा. उंदीर नंतर.

सापाची कात दिसली किंवा प्रत्यक्ष साप दिसला तर काम बंद आणि सर्पमित्राला फोन. माळ्यावर बहुतेक धामणच असते, ती बिनविषारी असते आणि उंदरांच्याच मागे आलेली असते. पण अंधारात, शिडीवर उभं राहून ती धामण की नाग हे ठरवणं आपलं काम नाही.

ओल्या कौलांवर चढायचं नाही. शेवाळ आलेलं कौल साबणासारखं असतं. पावसात लक्षात आलं तर आतून सापळे आणि तात्पुरती जाळी एवढंच करा, वरचं काम उघडीप झाल्यावर कौलं परतणाऱ्या गड्यांकडून. वासा बोटाने दाबल्यावर आत जात असेल तर सुताराला दाखवल्याशिवाय त्याच्यावर भार टाकू नका.

तीन आठवडे सगळं नीट करूनही ताज्या लेंड्या येत असतील, किंवा छत असं बंद असेल की वर जायला वाटच नाही, तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. त्याच्याकडे कीटकनाशक कायद्याखालचा, राज्याच्या कृषी विभागाचा परवाना आहे का ते बघा. पहिला प्रश्न विचारा, "वाटा कुठून आहेत आणि त्या तुम्ही कशा बंद करणार?" त्याने छताकडे वर न बघता वड्या ठेवायची भाषा केली, तर दुसरा बघा.

आणि एक. कुणीही विष घातलेलं नसताना घरात, गोठ्यात, वाडीत उंदीर आपोआप मरून पडायला लागले, तर त्यांना हात न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. १८९६ ला मुंबईत प्लेग आला त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याकडे "उंदीर पडला" एवढे दोन शब्द ऐकले की लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायला जायचे. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात, हे त्यामागचं कारण. १९९४ ला बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेग पुन्हा दिसला होता. माझी आजी शेवटपर्यंत मेलेला उंदीर दिसला की आधी विचारायची, "औषध कुणी घातलं होतं का?" तो प्रश्न आजही विचारायचा असतो.

वर्षातून दोनदा

मे महिन्यात कौलं परतताना एकदा आणि भातकापणीनंतर एकदा, कारण शेतातलं खाणं संपलं की उंदीर घरांकडे वळतात, माळ्यावर रांगोळी पसरून तीन रात्री बघायची. जाळीची प्रत्येक कड हाताने ओढून बघायची. माडांचे पत्रे सैल झाले असतील तर ठोकायचे, नवीन झावळी कौलाकडे झुकली असेल तर उतरवायची. दोन सापळे न ताणता, खोबऱ्याचा तुकडा बांधून, माळ्यावर कायम ठेवलेले असतात आमच्याकडे. खोबरं कुरतडलेलं दिसलं की त्याच संध्याकाळी मी अंगणात जाऊन बसतो.